गावाकडे लॉन काढायचं आहे : सरकारी योजनेतलं कर्ज कसं उभं करायचं

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा : तालुक्याच्या गावापासून १२ किलोमीटरवर, डांबरी रस्त्याला लागून घरची ३ एकर शेती आहे. सातबारावर आई आणि काका दोघांची नावं आहेत. जात कुणबी, शिक्षण बारावी. तिथे एसी सभागृह आणि लॉन बांधायचं मनात आहे, खर्च ५० लाखांच्या आसपास. "सरकार ३५ टक्के सबसिडी देते, तारण लागत नाही" असं एका एजंटाने सांगितलं असून फाइल करून द्यायचे तो ३० हजार मागतो आहे. हे खरं आहे का आणि सुरुवात कुठून करावी?

भाऊ, मी २६ वर्षं बँकेत काढली. त्यातली १७ वर्षं वर्धा, यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतल्या खेड्यांच्या शाखांत, कर्ज विभागात. निवृत्तीनंतर लोकांचे प्रकल्प अहवाल तपासून देतो. लग्नाच्या लॉनच्या आणि मंगल कार्यालयांच्या फायली मी मंजूर केल्या, परत पाठवल्या, आणि दोन बुडतानाही पाहिल्या. तेव्हा थोडं लांबट लिहितो, वाचायला वेळ काढा.

एजंटाचं अर्धं खरं आहे. ३५ टक्के अनुदान आहे, पण ५० लाखांवर नाही. 'तारण लागत नाही' यातही एक मेख आहे, तिच्याकडे पुढे येतो. आणि त्याचे ३० हजार मात्र पूर्ण वाया. अर्ज ऑनलाइन आणि फुकट असतो. सरकारने त्यासाठी कुणालाही मध्यस्थ नेमलेलं नाही.

तुमच्यासाठी पहिली बघण्यासारखी योजना म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, सगळे तिला पीएमईजीपी म्हणतात. २००८ पासून चालू आहे. देशपातळीवर खादी आणि ग्रामोद्योग आयोग ती राबवतो, जिल्ह्यात जिल्हा उद्योग केंद्र आणि खादी ग्रामोद्योग मंडळ. २०२२ मध्ये नियम सुधारले. त्यानुसार कारखानदारीला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो आणि सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा. एजंटाने तुम्हाला कारखान्याचा आकडा सांगितला. लॉन, सभागृह, मंडप, केटरिंग हे सगळं सेवेत मोडतं, म्हणून तुमची मर्यादा २० लाख. प्रकल्प याहून मोठा असला तरी बँक वरचे पैसे देऊ शकते, पण त्या वरच्या रकमेवर अनुदान नाही.

अनुदानाचं गणित असं. ग्रामीण भागात खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाला २५ टक्के आणि स्वतःचे १० टक्के घालायचे. अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला, माजी सैनिक, दिव्यांग यांना ग्रामीण भागात ३५ टक्के आणि स्वतःचे फक्त ५ टक्के. कुणबी ओबीसीत आहेत, म्हणजे तुम्ही या दुसऱ्या गटात. आईच्या नावावर अर्ज टाकावा का, असं बरेच जण विचारतात. तुमच्या बाबतीत त्याने काहीच फरक पडत नाही, उलट मॅनेजर आईला विचारतो, "माय, जनरेटर किती केव्हीएचा घेणार?" आणि माय मुलाकडे बघते. धंदा जो चालवणार त्याच्या नावावर अर्ज असावा. नवरा-बायको मिळून एकाच युनिटला लाभ मिळतो, हेही ध्यानात ठेवा. वय १८ च्या वर हवं. सेवा उद्योगाचा प्रकल्प ५ लाखांच्या वर असेल तर किमान आठवी पास लागते. उत्पन्नाची अट नाही.

आता यातला न सांगितला जाणारा भाग. अनुदान हातात पडत नाही. समजा २० लाखांचा प्रकल्प. तुमचे १ लाख, बँकेचं कर्ज १९ लाख. बँक कर्ज वाटते, मग ७ लाखांचं अनुदान मागवते, आणि ते तुमच्या नावाने मुदत ठेवीत ३ वर्षं अडकवून ठेवते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांत युनिट जागेवर आहे आणि चालू आहे हे प्रत्यक्ष पाहणीत दिसलं की मगच ते ७ लाख कर्जात वळते होतात. बंद दिसलं तर अनुदान परत जातं आणि १९ लाखांचं ओझं तुमच्या मानेवर राहतं. अनुदान यायला उशीर झाला तर तोवर पूर्ण रकमेवर व्याज चढतं. म्हणून मंजुरीनंतर मॅनेजरच्या मागे लागायची गोष्ट हीच : "साहेब, क्लेम टाकला का?" एकदा नाही, दर आठवड्याला. त्याआधी उद्योजकता प्रशिक्षण पूर्ण असावं लागतं. ५ लाखांच्या वरच्या प्रकल्पाला ते १० दिवसांचं असतं. हेच लोक टाळतात आणि मग अनुदान त्याच एका प्रमाणपत्रासाठी अडतं.

योजनेची ही फेरी २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतची ठरवलेली होती. तेव्हा अर्जाच्या दिवशी जे नियम चालू असतील ते यवतमाळच्या जिल्हा उद्योग केंद्रातून छापील घ्या. यूट्यूबवर बघून जाऊ नका. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे. त्याचा साचा बराचसा असाच, फक्त त्यात वयाची वरची मर्यादाही आहे. त्याचीही चौकशी त्याच खिडकीवर होते.

बाकी योजना भराभर सांगतो. मुद्रामध्ये अनुदान नाही, तारण नाही. तरुण गटात १० लाखांपर्यंत मिळतात. २०२४ मध्ये २० लाखांचा 'तरुण प्लस' आला, पण तो आधीचं तरुण कर्ज नीट फेडलेल्यांसाठी, नव्या माणसाला नाही. स्टँड-अप इंडिया अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठी १० लाख ते १ कोटीची चांगली योजना होती, तिची मुदत ३१ मार्च २०२५ पर्यंत होती. तरी तिच्या नावावर अजून कुणी पैसे मागत फिरत असेल तर ओळखून घ्या. मराठा समाजातल्या ज्यांना ओबीसीचा दाखला नाही त्यांच्यासाठी अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची योजना आहे, ओबीसींच्या महामंडळाचीही आहे. त्यात हप्ता आधी आपण भरायचा, व्याज नंतर खात्यात येतं. पण पीएमईजीपीचं अनुदान घ्यायचं असेल तर दुसऱ्या सरकारी योजनेचा लाभ त्याच युनिटवर घेता येत नाही. दोन्ही ताटांत हात घालू नका.

इथे एक क्रमाची चूक फार होते. पीएमईजीपी फक्त नव्या युनिटला आहे. कुणीतरी सल्ला देतो, "आधी मुद्रा घे, मंडपाचं सामान आण, धंदा बसू दे, मग मोठी फाइल कर." सल्ला धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचा आहे, पण मुद्रा घेतली की तुमचं युनिट जुनं ठरतं आणि ३५ टक्क्यांचं दार बंद होतं. पुढे वाढीसाठी दुसरं कर्ज मिळतं, सेवेला २५ लाखांपर्यंत, पण त्यावर अनुदान १५ टक्केच, आणि तेही युनिट नफ्यात असल्याचं दाखवल्यावर. आर्वीकडच्या एका पोराने तर मंजुरीच्या आधीच भूमिपूजन करून पाया भरला आणि फोटो घेऊन माझ्या टेबलाशी आला. आमदारसाहेब कुदळ मारताना फोटोत होते. त्याला सांगताना मलाच वाईट वाटलं की बाबा, या फोटोनेच तुझी फाइल पाडली.

आता तारणाचं. बँका छोट्या उद्योगाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण मागत नाहीत, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याच्या वर पत हमी निधी न्यासाची हमी असते, बँकेत त्याला सीजीटीएमएसई म्हणतात. सरकार आणि सिडबी या लघुउद्योगांच्या बँकेने २००० साली तो उभा केला. एप्रिल २०२५ पासून त्याची मर्यादा १० कोटींपर्यंत गेली आहे. हीच ती मेख : ही हमी बँकेला आहे, तुम्हाला नाही. तुम्ही बुडालात तर बँकेला न्यासाकडून बहुतेक पैसे मिळतात, पण तुमच्या नावावरची थकबाकी आणि वसुली तशीच राहते. शिवाय हमीची फी दरवर्षी तुमच्या खात्यातून जाते. "सरकारने हमी घेतली, आता काय होते" असं म्हणणारे मी बघितले आहेत. त्यांच्याच घरी नंतर नोटिसा गेल्या.

आणि हमी असली तरी मॅनेजर जमिनीचे कागद बघतोच. का, ते सांगतो. दुकानदार पळाला तर बँकेला त्याचा माल तरी दिसतो. लॉन म्हणजे उघडं मैदान, एक शेड आणि चार खोल्या. ते दुसऱ्याच्या जमिनीवर निघाले तर हाताला काहीच लागत नाही. म्हणून या धंद्यात कर्ज मंजूर होतं ते जमिनीच्या कागदांवर आणि तारखांच्या वहीवर. योजनेचं नाव त्यानंतर येतं. तुमची फाइल या दोन ठिकाणी अडणार, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहितो.

आधी सातबारा. तुमच्याकडे आई आणि काका दोघांची नावं आहेत. काका आज हसतमुख आहेत, लग्नात पंगत वाढतात, सगळं खरं. पण बँकेचा वकील 'समाईक' हा शब्द वाचला की पेन खाली ठेवतो. वाटणी करून घ्या, महसूल कायद्याप्रमाणे तहसीलदाराकडे किंवा नोंदणीकृत वाटणीपत्राने, फेरफार मंजूर होऊन वेगळा सातबारा निघेपर्यंत थांबा. वाटणी करताना भांडण होईल अशी भीती असेल तर ते आज होऊ द्या. २० लाखांचं बांधकाम उभं राहिल्यावर झालेलं भांडण जास्त महाग पडतं. वाटणीनंतर जमीन आईच्या नावावर आणि अर्ज तुमच्या नावावर असेल तर आईकडून तुमच्या नावे नोंदणीकृत भाडेपट्टा करा, कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त वर्षांचा, आणि आई जामीनदार किंवा सहकर्जदार राहील.

दुसरं, तीनही एकर धंद्यात ओढू नका. लॉन, शेड, गाड्या लावायची जागा मिळून ३० आर, म्हणजे साधारण पाऊण एकर, पुरतात. तेवढ्याचाच नकाशा करा, तेवढ्याचाच अकृषक वापर करून घ्या. उरलेली शेती शेतीच राहू द्या, तिच्यावर पीककर्ज चालू राहील. अकृषक म्हणजे एनए. या नियमांत गेल्या काही वर्षांत बरीच सूट आली आहे. गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला सवलत आहे असं तलाठी सांगेल. पण ती निवासी वापरासाठी आहे, लॉन हा व्यावसायिक वापर झाला. बँकेला त्या ३० आरच्या व्यावसायिक वापराचा कागद लागतो. याला आणखी एक कारण आहे जे मॅनेजर तोंडाने सांगत नाहीत : थकीत कर्जाची मालमत्ता कोर्टात न जाता जप्त करायचा बँकांचा २००२ चा कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणून कितीही सुपीक, कितीही कॅनॉलची जमीन असो, धंद्याच्या कर्जाला तारण म्हणून तिची किंमत बँकेच्या नजरेत कमी असते.

हे इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहितो, विदर्भात जमिनीच्या काही गाठी खास आपल्याच आहेत. सातबारावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे अटींवर मिळालेली जमीन, असं लिहिलं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे जाता येत नाही. भूदानात मिळालेली जमीन विकता किंवा गहाण टाकता येईल अशा समजुतीत राहू नका. विनोबांच्या चळवळीतली ती जमीन कसण्यासाठी दिली आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने भाड्याने घ्यायची तर त्यालाही परवानगी लागते, आणि तोंडी व्यवहारावर शेड बांधणारे पांढरकवड्यापासून अहेरीपर्यंत आहेत. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगलाची नोंद तपासाच. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात त्या जमिनी वनजमीन मानल्या आहेत. तिथे आज जागा मोकळी आणि रस्त्याला लागून आहे म्हणून कुणी लॉन काढायला निघाला असेल तर त्याने आधीच हात वर करावेत.

तिसरी गाठ घरोघरी आहे : जुनं पीककर्ज. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीत खाती निल झाली असं लोक समजतात, पण कुणाचं तडजोडीत मिटलेलं असतं, कुणाचं व्याज राहिलेलं असतं, आणि सातबारावरचा बोजा कुणीच उतरवून घेतलेला नसतो. सिबिल अहवालात ते दिसतं. तुमचा आणि आईचा दोघांचा अहवाल आधी स्वतः काढा. सोसायटीचे आणि बँकेचे बेबाकी दाखले घ्या, बोजा कमी केल्याचा फेरफार करून घ्या. यात तुमचे दोन महिने जातील. पण अर्ज फेटाळला गेल्यावर हेच करायला सहा महिने लागतात.

आता तारखांची वही.

प्रकल्प अहवालात एजंट लिहून देतात, "वर्षात १२० कार्यक्रम." मी तो आकडा वाचला की फाइल बाजूला ठेवायचो. आपल्याकडे लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. कार्तिक-मार्गशीर्षात थोडी, पौषात जवळपास नाहीत, मग माघ-फाल्गुनात, आणि खरी झुंबड कापूस-तूर विकून पैसा हातात आल्यावर चैत्र ते ज्येष्ठात. आषाढीनंतर चातुर्मास लागला की कुलूप. म्हणजे सहा महिन्यांत बारा महिन्यांचे हप्ते कमवायचे. त्यातही एका मुहूर्ताला चार लोक तारीख मागतात, आणि पुढच्या आठ दिवसांत कुणी फिरकत नाही. लॉन एकच आहे, चौघांपैकी एकालाच देता येतं.

मग खरा आकडा कसा काढायचा? तालुक्यातल्या लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे जा. त्याच्याकडे तुमच्या पंधरा-वीस गावांतल्या गेल्या वर्षीच्या प्रत्येक लग्नाची तारीख, ठिकाण आणि छापलेल्या पत्रिकांची संख्या असते. पत्रिका ५०० की १५००, यावरून पंगत किती मोठी ते कळतं. नंतर आचाऱ्याला भेटा, बँडवाल्याला भेटा. लग्न घराच्या मांडवात लागलं की कार्यालयात, नवरीकडे की नवरदेवाकडे, भाडं किती दिलं, हे एका वहीत लिहा. अशी ८० लग्नांची वही घेऊन एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, बचत गटाच्या अध्यक्ष. शाळेच्या दुरेघी वहीत, शाईने लिहिलेलं. त्यांच्या प्रकल्प अहवालात टायपिंगच्या शंभर चुका होत्या, तरी मी ती फाइल दोन बैठकांत मंजूर करून घेतली. वरच्या साहेबांना वहीच दाखवली.

लग्नांपलीकडचं कामही त्या वहीत येऊ द्या. साक्षगंध, बारसं, डोहाळे जेवण, रिसेप्शन, आणि आता तेरवीसुद्धा लोक लॉनवर करतात. पावसाळ्याच्या तोंडाला बियाणे आणि औषध कंपन्यांचे शेतकरी मेळावे होतात, बचत गटांचे मेळावे होतात, निवडणुकीच्या वर्षी सभा होतात. यांचं भाडं लग्नाच्या निम्मं मिळतं, पण बंद महिन्यांत चौकीदाराचा पगार त्यातून निघतो.

आता तुमचं ५० लाखांचं एसी सभागृह. माझं स्पष्ट मत : नको. तुमच्या गावापासून १२ किलोमीटरवरचा तालुका एसीसाठी लोकांना पुरेसा जवळ आहे. खेड्यातला माणूस लॉनवर येतो तो मोकळी जागा, गाड्या लावायला सोय, भरपूर पाणी आणि कमी भाडं यांसाठी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा त्याला आठ मोठे कूलर आणि उंच शेड पुरतं. विजेचं बिलही व्यावसायिक दराने येतं, हे आधीच धरून चाला.

२० लाखांत काय बसेल याचा माझा ढोबळ अंदाज असा, कोटेशनं तुम्ही तुमच्या तालुक्यातली घ्या. पत्र्याचं उंच शेड आणि कोबा साडेआठ लाख. स्वयंपाकाची जागा, संडास-बाथरूम आणि वधू-वरांच्या दोन खोल्या साडेचार लाख. बोअर, टाक्या आणि वीज जोडणी दोन लाख. खुर्च्या, टेबलं, भांडी, कूलर तीन लाख. जनरेटर दीड लाख. हातखर्चाला खेळतं भांडवल पन्नास हजार. जमिनीची किंमत प्रकल्पात धरता येत नाही, ती तुमची आहेच. अहवालात उद्योगाचं वर्णन नुसतं 'सभागृह' असं लिहू नका. मंडप, भांडी, कूलर भाड्याने देणं आणि जेवणाची व्यवस्था हे तुम्ही खरंच करणार असाल तर तेही लिहा आणि त्याचं उत्पन्न वेगळं दाखवा. नुसतं बांधकाम आणि भाडं दिसलं की मॅनेजरला त्यात इमारतीचा व्यवहार दिसतो. सामान आणि सेवा दिसली तर उद्योग दिसतो.

हप्ता बघू. ७ लाख अनुदान बाजूला ठेवलं तर व्याजाचं कर्ज १२ लाख. व्याज ११ टक्के धरलं आणि मुदत ७ वर्षं, तर महिन्याला साधारण साडेवीस हजार, वर्षाला २ लाख ४७ हजार. आता २५ बुकिंग धरा, प्रत्येकी सगळं मिळून २० हजार : ५ लाख. चौकीदार, डिझेल, वीज, डागडुजी, विमा, ग्रामपंचायतीचा कर मिळून अडीच लाख गेले. उरले अडीच लाख, ते पूर्ण हप्त्यात गेले. घरात शून्य. ३५ बुकिंग झाली तर ७ लाख येतात, खर्च वाढून ३ लाख होतो, उरतात ४ लाख. बँकेला हप्त्याच्या दीडपट पैसा उरलेला हवा असतो, तो इथे येऊन जमतो. म्हणजे तुमच्या वहीतल्या लग्नांपैकी वर्षाला ३५ तुमच्याकडे येतील का, हा खरा प्रश्न आहे. येणार नसतील असं वही सांगत असेल तर १२ लाखांचाच प्रकल्प करा, खोल्या नंतर बांधा. ५० लाखांच्या सभागृहाला किती बुकिंग लागतील ते तुम्हीच काढून बघा.

मॅनेजरला एक गोष्ट आवर्जून मागा : हप्ते हंगामाप्रमाणे. महिन्याच्या हप्त्याऐवजी तिमाही, किंवा चैत्र ते ज्येष्ठात मोठे आणि चातुर्मासात नुसतं व्याज. बँकेला असं करता येतं, पण मंजुरीपत्रात लिहून घ्यावं लागतं, नंतर कुणी ऐकत नाही. माझ्याच हातची एक फाइल यावरून बिघडली. कर्ज मंजूर केलं मार्चमध्ये. पाया खणेपर्यंत मृग लागला, शेड दिवाळीनंतर उभं राहिलं, आणि तोवर हप्त्याची सहा महिन्यांची सवलत संपून गेली होती. पहिल्या लग्नाच्या आधीच दोन हप्ते थकले. चूक माझी होती, मार्चचं उद्दिष्ट पूर्ण करायची घाई मला होती. तेव्हापासून सांगतो, अर्ज पावसाळ्यात टाका, मंजुरी दसऱ्याच्या आसपास घ्या, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत बांधकाम, आणि गुढीपाडव्याला नाहीतर अक्षय तृतीयेला पहिलं लग्न.

विमा काढाच. एप्रिलमधल्या वादळात पत्रे उडतात, गारपीट होते. आणि २०२० चा उन्हाळा विसरू नका. २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि पूर्ण हंगाम गेला. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, पण व्याज चढतच राहिलं. पुढच्या वर्षीचा उन्हाळाही तसाच गेला. मी सुरुवातीला म्हटलं त्या बुडालेल्या दोन फायली त्याच काळातल्या. त्यातला एक माणूस मात्र सावरू शकला असता, कारण त्याच्याकडे चारशे खुर्च्या आणि भांडी होती आणि ती बाहेर भाड्याने देता येत होती. त्याने ती घाबरून विकून टाकली.

किरकोळ पण अडणाऱ्या गोष्टी : उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. सगळी खरेदी जीएसटी बिलाने करा, बँक पैसे दुकानदाराच्या खात्यात टाकते, तुमच्या हातात रोख देत नाही. रस्ता राज्य महामार्ग असेल तर रस्त्यापासून किती अंतर सोडायचं आणि फाटा कसा काढायचा याची परवानगी बांधकाम विभागाकडून आधी घ्या. आगीच्या सुरक्षेचा दाखला आणि स्वयंपाकाची अन्न परवाना नोंदणी लागते. रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही, हे करारावरच छापा म्हणजे नवरदेवाच्या मित्रांशी तुम्हाला भांडावं लागणार नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. आणि बुकिंगची आगाऊ रक्कम यूपीआयने खात्यावर घ्या. पुढच्या कर्जाच्या वेळी मॅनेजर तेच खातं उघडून बघणार आहे.

बँक कोणती? तुमच्या गावाला ज्या शाखेचं कार्यक्षेत्र लागतं आणि जिथे तुमचं पीककर्ज नियमित आहे, ती. विदर्भ कोकण ग्रामीण बँक आता १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आली आहे. खेड्यातल्या मॅनेजरला लॉन म्हणजे काय ते शहरातल्यापेक्षा चांगलं कळतं. त्याने नाही म्हटलं तर कारण लेखी मागा. भांडून नाही, "साहेब, दुरुस्ती करायची आहे" असं म्हणून. उत्तर मिळालं नाही तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे अर्ज द्या, त्यांच्या बैठकीत प्रलंबित फायलींची यादी वाचली जाते.

तुमच्याकडे एजंटाला द्यायला ३० हजार आहेत असं दिसतं. ते जपून ठेवा. त्यातून आधी मोजणीचा अर्ज टाका. वाटणी आणि एनए दोन्हींना ती लागणार. भूमी अभिलेख कार्यालयात तारीख मिळायला वेळ लागतो. आणि शेतात पऱ्हाटी उभी असताना मोजणीदाराला हद्दी नीट धरता येत नाहीत, म्हणून कापूस निघाल्याबरोबरची तारीख मागा.